खांद्यावर एक थाप

तिसऱ्या तपासणीचा निकाल ‘नाही’ असा आला, तेव्हा मला बरं वाटलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला देव्हाऱ्यात बसवायला नको.

निकाल सांगायला निलोफर मुजावर आली होती. सरकारी ‘जाणीव तपासणी’ योजनेतली तंत्रज्ञ. तिशीची पोर, स्कूटरला काळी पेटी बांधून इचलकरंजीच्या आसपासची गावं पालथी घालते. तिनं टॅब्लेट माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, “काकू, ह्या वेळीही काही मिळालं नाही. सॉरी.” मी मान हलवली. डोळ्यांत पाणी आणायचा प्रयत्न केला, ते आलं नाही. चहा ठेवते म्हणून आत गेले आणि ओट्याला टेकून नुसती उभी राहिले. पाच वर्षांत पहिल्यांदा पाठ जरा सैल पडली.

आमच्या ह्यांचं नाव रामलिंग बुगड. चौतीस वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग ताळ्यावर आणणारा मिस्त्री. तेव्हाचे ते धोट्याचे खडखडणारे माग आता भंगारात गेले. पाच वर्षांपूर्वी ह्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि तेव्हापासून हे खाटेवर. डोळे अर्धे उघडे, पण नजर कुठंच ठरत नाही. पोटात नळी, तिच्यातून पातळ अन्न. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. मी अंगणवाडी सेविका होते, चाळीस-चाळीस पोरं एकटीनं सांभाळली. पण त्या पोरांना न्यायला दुपारी आया यायच्या.

दवाखान्यातून सोडताना सिस्टरनं सगळं शिकवलं होतं. नळी कशी धुवायची, कफ कसा मोकळा करायचा. “आणि कूस बदलायच्या आधी खांद्यावर एक थाप द्या, म्हणजे पेशंट दचकत नाही.” दचकतंय कोण, असं मनात आलं, पण हाताला सवय लागली. एक थाप आणि मग कूस.

मी ह्यांच्याशी बोलायचे. पहिल्या वर्षी गोड बोलले, दुसऱ्या वर्षी कामापुरतं, आणि नंतर जे तोंडाला येईल ते. “सुटा एकदाचे आणि मलाही सोडवा,” हे तर रोजचंच झालं होतं. तपासणीचं पत्र आलं तेव्हा पहिली भीती हीच वाटली, की ह्यांनी सगळं ऐकलं असेल तर?

कारण ती तपासणीच तशी आहे. निलोफरनं पहिल्या दिवशी मला समजावलं होतं. असे जे लोक वर्षानुवर्षं निपचित पडून असतात, हाक मारली तर पापणी हलवत नाहीत, त्यांतल्या जवळजवळ चारातल्या एकाला आतून सगळं कळत असतं, असं शास्त्रज्ञांना आढळलं. त्यांना सांगायचं, ‘मूठ उघडा, मिटा’. मूठ हलत नाही, पण मेंदूतला मूठ हलवणारा भाग जागा होतो. “काकू, दिवा लागत नाही, पण मीटर फिरतो,” ती म्हणाली. “आम्ही मीटर बघतो.” पूर्वी त्यासाठी खोलीएवढं यंत्र लागायचं. आता तारांची एक टोपी, कानाला हेडफोन आणि टॅब्लेट. हेडफोनमधून एक बाई शुद्ध मराठीत सांगते, ‘उजवी मूठ उघडत मिटत राहा’, आणि अर्ध्या मिनिटानं, ‘आता थांबा’. मेंदू तिच्या सांगण्याप्रमाणे जागा होऊन शांत झाला, की निकाल ‘हो’.

‘हो’ आलं तर शिकवणी सुरू होते. दीड वर्ष, रोज चार तास, घरातल्या एका माणसानं खाटेशी बसायचं. मेंदूच्या त्या हालचालीवर आधी हो-नाही, मग शब्द, असं बोलतं करायचं. बरेच जण बोलते होतात म्हणे. उठत मात्र नाहीत. आणि तीनदा ‘नाही’ आलं तर घरच्यांना एक अर्ज मिळतो. पोटातली नळी ठरावीक मुदतीनं बदलावी लागते, ती पुन्हा बदलायची नाही, असा तो अर्ज. पेशंटला सेवाघरात नेतात, औषधं देऊन त्रास होऊ देत नाहीत, आणि काही दिवसांत सगळं शांत होतं. आमच्या नळीची मुदत महिनाअखेरीला संपत होती.

त्याच महिन्यात केतकीला आठवा लागणार होता. केतकी आमची एकुलती एक मुलगी, नाशिकला असते. पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात तिचं सगळं गेलं, तेव्हा मी जाऊ शकले नव्हते. हे होते ना खाटेवर. ह्या वेळी डॉक्टरनं तिला अंथरुणातून उठू नको सांगितलं होतं. निकाल कळवला तेव्हा ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, “आई, आता येशील ना गं तू?”

“येते,” मी म्हटलं. कपाटावरची बॅग खाली काढली आणि तिच्यावरची धूळ पुसली.

दोन दिवसांनी सदाशिव डाके आले. ह्यांच्याच शेडमध्ये माग चालवायचे. गल्लीत बातमी पसरली होती, म्हणून शेवटचं भेटून घ्यायला आले असावेत. चपला काढल्या, आत आले आणि एक शब्द न बोलता ह्यांच्या खांद्यावर तळहात ठेवून दाबून धरला. पाच मिनिटं झाली तरी तसेच बसून. मला ते बघवेना.

“भाऊजी, बोला की काहीतरी ह्यांच्याशी!”

“आँ?”

“बोला म्हणते! चार शब्द बोला!” मी ओरडले. सदाशिवभाऊजींशी ओरडूनच बोलावं लागतं.

“बोलू काय वैनी? त्याला कुटं ऐकू येतंय?”

“तसं नव्हे ओ. समाधान तेवढंच.”

“अवो, हे असं पडायच्या आदीपास्नं न्हाई येत त्याला ऐकू,” ते म्हणाले. “माज्यापरास जास्त बहिरा हाय त्यो. वीस वर्सं शेजारी काम केलं आमी, कुनी बोललंय तितं? सगळं खांद्यावर. एक थाप म्हंजी माग बंद कर. दोन म्हंजी चालू कर. हात दाबून धरला, म्हंजी मी हाय हितं.”

ते चहा पिऊन गेले. मी तिथंच स्टुलावर बसून राहिले.

ह्यांना ऐकू येत नव्हतं. एकोणतीस वर्षं ह्या माणसाबरोबर संसार केला आणि हे मला शेजारच्या मागवाल्यानं सांगावं! स्वयंपाकघरातून हाक मारली की हे कधी यायचे नाहीत. मी म्हणायचे, मुद्दाम दुर्लक्ष करतात, हट्टी आहेत. बोलताना सारखे माझ्या तोंडाकडं बघायचे. लग्नाच्या नव्या नवलाईत मला वाटलं, माझं तोंडच आवडतं ह्यांना. टीव्ही एवढा मोठा लावायचे की समोरच्या घरात बातम्या कळाव्यात. पण समोरच्या घरातही टीव्ही तेवढाच मोठा असायचा. आमच्या गल्लीत सगळेच ओरडून बोलतात. बहिरा म्हणजे जन्मापासून ज्याला ऐकू येत नाही तो. मागवाल्याला कुणी बहिरा म्हणत नाही.

म्हणूनच योजनेच्या अर्जात ‘श्रवणदोष आहे का?’ असा प्रश्न होता, तिथं मी न थांबता ‘नाही’ लिहिलं होतं.

आणि थापांचं म्हणाल, तर ते मला माहीत होतं. लग्नानंतर मी शेडवर डबा घेऊन जायचे, तेव्हाची गोष्ट. हे एक माग दुरुस्त करून चालवून बघत उभे होते. मी मागून गेले आणि गंमत म्हणून खांद्यावर एक थाप मारली. ह्यांनी खाडकन् माग बंद केला, वळून बघितलं, आणि उभेच राहिले. मी हसतेय, डबा दाखवतेय, हे जागचे हलेनात. मालक तिकडून शिव्या देतोय, तरी नाही. शेवटी कांड्या भरणाऱ्या एका बाईनं मला खूण केली, दोन थापा दे म्हणून. दिल्या, तेव्हा कुठं माग सुरू झाला. घरी आल्यावर हे रागावले. “ज्यानं बंदची थाप दिली, त्यानंच चालूची द्यायची. बंद करायला सांगणाऱ्याचा हात मागात असला तर? शेडमध्ये ह्यावर चेष्टा नाही.” असं करून बोटं गेलेले तिघे जण ह्यांनी पाहिले होते. मी पुन्हा कधी चेष्टा केली नाही.

हे सगळं आठवलं आणि मी गप्प बसले. खोटं कशाला सांगू? तीन दिवस गप्प बसले. मशीन चुकलं असेलच असं थोडंच आहे, असं स्वतःला सांगितलं. बहिरे असले तरी आत कुणी नसेलच. आणि असले, तर दीड वर्ष. त्यानंतर पुढची किती वर्षं? मी अठ्ठावन्नची आहे, गुडघे गेलेत, पाठीत कळ बसते. केतकीला कोण? हे ह्या घरातलं एक गुपित होतं आणि त्याचा अर्थ फक्त मला माहीत होता. मी ते माझ्याबरोबर नाशिकला नेलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता.

चौथ्या दिवशी नळी न बदलण्याचा अर्ज भरायला बसले. दुसऱ्याच पानावर तो प्रश्न पुन्हा होता. ‘पेशंटला श्रवणदोष आहे किंवा होता काय?’ खाली लिहिलेलं, वरील माहिती खरी आहे. पहिल्या वेळी मी ‘नाही’ लिहिलं ती चूक होती. आता तेच लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. पेन हातात धरून मी किती वेळ बसले कोण जाणे. मग चिडून पेन फेकलं, निलोफरला फोन लावला आणि तिच्यावरच ओरडले, “तुमच्या मशीनला एवढंही कळत नाही का गं, की माणूस बहिरा आहे?”

ती दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हजर झाली. माझं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. “काकू, कान आम्ही तपासतो ओ. ‘टूं’ असा आवाज देतो, मेंदूनं तो पकडला की कान पास. काका पास झाले होते.” मग तिला तिचंच कळलं. आपल्या कानात आवाज टिपणारे बारीक केस असतात. मागाच्या खडखडाटानं त्यातले उंच आवाज टिपणारे केस आधी मरतात. खालचे, जाड आवाज ऐकू येत राहतात. म्हणून ‘टूं’ ऐकू येतं. बोलण्यातले स, त, क, च हे सगळे उंच आवाज. ते गेले की कुणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. “तीन वेळा आम्ही काकांच्या कानात नुसतं गुणगुणलो,” ती म्हणाली.

“मग आता खांद्यावर सांगूया,” मी म्हटलं.

तिनं तिच्या साहेबांना फोन केला. ‘करून बघा, पण नियमित तपासणीत धरू नका’ असं उत्तर आलं. मी ह्यांचं अंग पुसलं, नऊची कूस बदलली आणि तिनं टोपी चढवली; तारा जुळवण्यातच तास गेला. मी टॅब्लेटच्या पडद्याकडं पाठ करून उभं राहायचं, म्हणजे माझ्याकडून लबाडी नको. निलोफर एक बोट दाखवेल तेव्हा एक थाप, दोन दाखवेल तेव्हा दोन. कधी एक, कधी दोन, ते टॅब्लेट ठरवणार.

तिनं दोन बोटं दाखवली. मी ह्यांच्या उजव्या खांद्यावर दोनदा थापटलं.

काही झालं नाही. म्हणजे निदान निलोफरच्या तोंडावर काही दिसलं नाही. अर्ध्या मिनिटानं एक बोट. मग दोन. पुन्हा दोन. मग एक. पाचव्या-सहाव्या खेपेला ती खुर्चीत पुढं सरकून बसली. “आता मांडीवर थापटा,” म्हणाली. मांडीवर थापटलं. “पुन्हा खांद्यावर.” वीस मिनिटं हे चाललं. मी मनात एकच म्हणत होते, ‘नाही’ येऊ दे. मी माझं काम केलं, आता ‘नाही’ येऊ दे.

शेवटची खूण दोनची होती. ती दिल्यावर निलोफर म्हणाली, “काकू, वळा.”

पडद्यावर मेंदूचं चित्र होतं आणि त्याच्या डाव्या अंगाला, वरच्या बाजूला, एक पिवळा ठिपका मिणमिणत होता. “उजव्या हाताची जागा,” ती म्हणाली. “दोन थापांनी लागतो, एकीनं विझतो. मांडीवर थापटल्यावर हलतही नाही. काका माग चालू करताहेत, काकू. आत्तासुद्धा चालूच आहे.”

खाटेचा कठडा धरून मी खाली बसले आणि रडले. लोकांना वाटेल आनंदानं. मी माझ्यासाठी रडले. कपाटाशी ठेवलेली बॅग मला तिथून दिसत होती. निलोफरही थकलेली होती, ती माझ्या शेजारी फरशीवरच बसली. “अशा वेळी अभिनंदन म्हणायचं असतं,” ती म्हणाली, “ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. पण मी नाही म्हणत.”

“एक सांग. मी ह्यांना नको नको ते बोलले गं पाच वर्षं.”

“ते ऐकू गेलं नाही त्यांना.”

“आणि पहिल्या वर्षी जे गोड बोलले?”

तिनं टॅब्लेट मांडीवर ओढून घेतला.

अकरा वाजले. माणूस आत असो की नसो, अकराची कूस अकराला बदलावीच लागते. मी डोळे पुसून उठले. टोपी डोक्यावर तशीच होती. मी रोजच्यासारखी खाटेच्या त्या बाजूला गेले, खांद्यावर एक थाप दिली आणि पाठीखाली हात घातला.

“काकू,” निलोफर म्हणाली. “काय केलंत आत्ता?”

“कूस बदलतेय.”

“त्याच्या आधी?”

मी पडद्याकडं बघितलं. पिवळा ठिपका विझला होता.

“हे तुम्ही रोज करता?” तिनं विचारलं.

“दर दोन तासांनी.”

“तिन्ही तपासण्यांच्या आधीही?”

“हो. अंग पुसून, कूस बदलूनच देत होते ना तुझ्या ताब्यात.”

“आणि नंतर दोन थापा?”

दोन कशाला देईन मी? सिस्टरनं एकच शिकवली होती.

आता जे सांगते ते माझं म्हणणं आहे, निलोफरचं नाही. ती म्हणते, मेंदू असा कुणाची वाट बघत वर्षानुवर्षं थांबत नाही, ती खूण थोड्या वेळानं विरून जाते. असेल. ती शिकलेली आहे. पण मी त्या शेडमध्ये उभी होते. मालक शिव्या देत असताना हा माणूस हलला नव्हता, कारण बंद करणाऱ्या बाईनं चालू कर म्हटलं नव्हतं. आणि पाच वर्षं, दर दोन तासांनी, मीच माझ्या हातानं ह्यांना सांगत आले होते, बंद करा. ह्यांना वाटलं असेल, हिचा हात आत अडकलाय.

केतकीला फोन केला तेव्हा ती ओरडली. “तू का सांगितलंस, आई? कुणी विचारलं होतं तुला?” मी ऐकून घेतलं. तिचं खरं होतं. मग लहानपणच्या आवाजात तिनं विचारलं, “बाबा आहेत?” मी हो म्हटलं. बॅग पुन्हा कपाटावर चढवली. तिच्याजवळ तिच्या सासूबाई राहिल्या. बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी झाली. मी तिला अजून हातात घेतलेलं नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं, रोज वाटतं.

साहेबांनी तो निकाल मान्य केला, नळी बदलून मिळाली, आणि आता शिकवणी सुरू होऊन दोन महिने झाले. जाड आवाजात बोलणारा नवा हेडफोन येणार आहे, तो अजून आलेला नाही. तोवर खांद्यावरच चाललंय. चार तास संपता संपत नाहीत, पाठ दुखायची थांबली नाही, आणि कधीकधी अजूनही तोंडातून निघतं, सुटा एकदाचे. पण कूस बदलून झाली, चादर सारखी केली, की मी ह्यांच्या खांद्यावर दोन थापा देते. मग तळहात तिथंच दाबून ठेवते थोडा वेळ, आणि माझा हात बाहेर आहे, शाबूत आहे, हे ह्यांना कळू देते.